बोहनीचा ढीग

माही नात तनुजा नोकरीत काय करते, हे मंगरूळपीरच्या भाजीबाजारात सगळ्यायले मीच सांगितलं. मले समजलं होतं म्हणून नाही, माही नात आहे म्हणून. नागपूरच्या कंपनीत ती बिझनेस ॲनालिस्ट लागली, तवा मी तिले इचारलं होतं, दिवसभर करतं काय वं तू तिथं. ती म्हणे, आजी, मी लोकाईले इचारते का तुमी तुमचं काम कसं करता, अन् मंग कंप्युटरवाल्यायले समजावून सांगते का त्याच्यासाठी काय बनवायचं. मी म्हटलं, म्हणजे सोयरीक जुळवणाऱ्या बाईसारखं. इकडचं तिकडे सांगा, तिकडचं इकडे सांगा, अन् लगन मोडलं का शिव्या खा. ती हासली अन् म्हणे, बरोबर ओळखलं. त्यात कायचं नवल? चौथीत माही शाळा सुटली, डोकं नाही सुटलं.

तर ह्या कंपनीनं मोबाइलात एक ॲप काढलं. पहाटे बाजारात हर्रास, म्हणजे लिलाव, लागला, का भाजीचा भाव गावोगावच्या कास्तकाराच्या फोनवर टिंगकन जाये. तो भाव पाहून त्यानं ठरवावं, माल मंगरूळपीरले न्यायचा का दुसरीकडे. मंगरूळपीरले आणायचा असला तं कंपनीचीच गाडी त्याच्या बांधावरून उचलून आणे. गोष्ट चांगली होती, मी नावं ठेवत नाही. करून पाहासाठी पहिला बाजार त्यायनं आमचाच घेतला. तनुजाचा त्यात थोडकाच हात होता, पण हे माह्या नातीनं केलं म्हणून मी पेढे आधीच वाटून मोकळी झाली होती.

वांग्याचा हंगाम भरात आला अन् मानोऱ्याकडच्या गाड्या कमी होऊ लागल्या. काहून, तं फोनवर आमचा भाव रोज पडलेला दिसे. कास्तकार म्हणे, एवढ्याशा भावात तिथं कोण मराले जाते, अन् गाडी कारंज्याकडे वळवे. जे कोणी फोन न पाहता येत, त्यायले फोनातल्यापेक्षा चांगला भाव भेटे, अन् ते घरी जाऊन सांगत का फोन खोटं बोलते. म्हणजे नाव दोन्हीकडून खराब.

आमच्या बाजारात उदयसिंग अडत्या आहे. त्याच्याच ओट्यावर माल उतरते, त्याच्याच तोंडानं बोली लागते. तो एक दिवस चारचौघात मले म्हणाला, "आवडामाय, तुह्या नातीच्या मशीनची आमच्या बाजारासंग कायची दुश्मनी आहे?"

मी म्हटलं, तुह्या काट्यापेक्षा तं ते मशीन सीधं आहे. लोकं हासले. पण घरी येईपर्यंत ते बोलणं पायातल्या काट्यासारखं सलत राहिलं. वाटलेले पेढे असे उलटून टोचतात.

त्याच हप्त्यात तनुजा घरी आली. एरवी ती येते तवा खांद्याले एक पिशवी असते, ह्या खेपेले मोठी बॅग होती. तिच्या बापानं, म्हणजे माह्या चंपतनं, बॅग पाहिली अन् भेद्र्याचे, म्हणजे टमाट्याचे, कॅरेट उतरवाले गेला. मी मात्र इचारलं. तिनं सांगितलं का कंपनीनं मंगरूळपीरचा बाजार कमजोर ठरवला आहे. अश्वजित साहेब म्हणून तिचे वरचे आहेत, ते गुरुवारी स्वतः येऊन एकदा पाहणार अन् इथलं काम बंद करणार.

"अन् तुहं काय?" मी म्हटलं.

"मी अजून पक्की नाही झाली, आजी. हे काम बंद झालं का माहंबी झालं."

मंग तिनं एक गोष्ट सांगितली, ती ऐकून मले राग आला. सुरुवातीलेच तिनं साहेबाले म्हटलं होतं का हा बाजार माह्या घरचा आहे, मी जाऊन पाहून येते. साहेब नाही म्हणाले. त्यायचं म्हणणं असं, का ज्याले धंदा आधीच माहीत आहे तो प्रश्न इचारत नाही, मनानंच धरून चालते. ज्याले काही माहीत नाही तोच साफ प्रश्न इचारते. ॲनालिस्टले इचाराची पद्धत यावी, धंदा यायची गरज नाही. आता हे बोलणं अगदीच येड्याचं नाही, हे मलेबी समजते. नवी सून घरात आली का तिलेच दिसते, चूल चुकीच्या बाजूले आहे म्हणून. पण त्याच सुनेले हे माहीत नसते का त्या बाजूले कायले ठेवली.

म्हणून साहेबानं तनुजाच्या जागी रीता नावाची एक पोरगी पाठवली होती. मले ती चांगली आठवली. उन्हाचं तोंड बांधून आली, गोड बोलली. हर्रास कधी लागते, पहिला ढीग कोणाचा उतरते, तो किती भावात गेला, सारं तिनं इचारलं. मी सारं खरं सांगितलं. पहिला ढीग माहा. भाव अमुक. तिनं टिपून घेतलं, चहा घेतला, माह्या पाया पडली अन् गेली. त्याच्यावरून हापिसात ठरलं का कास्तकाराले गाडी लवकर भरा लागते, तवा काट्यावर पहिला सौदा नोंदला का तोच भाव लागलीच फोनवर सोडायचा. मी त्यात एक अक्षर खोटं बोलली नव्हती, अन् हे मी आजबी कोणाच्याबी तोंडावर सांगीन.

बुधवारी मी तनुजाले म्हटलं, रडाचं असन तं सांजच्याले रड, आता माह्यासंग बाजारात चाल, वांग्याचं पोतं धराले माणूस पाह्यजे. ती आली. शाळेत होती तवा माहा पदर धरून रोज यायची. कॉलेजात गेल्यापासून तिनं हर्रास पाहिला नव्हता.

आमच्या बाजाराची एक रीत आहे. माह्या सासूपासून, मनकर्णाबाईपासून, मी ते पाहत आली. सगळ्यात जुनी जे बागायतवाली बाई असन, तिचा ढीग ओट्यावर सगळ्यात आधी. त्याच्यावर बोली लागत नाही. भाव ती बाई स्वतः सांगते, अन् सांगते तो नारळाच्या भावात, म्हणजे खऱ्याच्या अर्ध्याहूनबी कमी, सांगते. अन् तो ढीग कोणाले? तं गाडेवाल्या बायाईपैकी जिचा कालचा दिवस वाईट गेला तिले. काल जिचा माल सडला, जिचा गाडा उलटला, जिच्या घरी दुखणं निघालं, तिची आज पहिली बोहनी, म्हणजे दिवसाचा पहिला सौदा. तोपर्यंत मोठमोठे व्यापारी हाताची घडी घालून उभे राहतात, कोणी तोंड उघडत नाही. ढीग उचलला गेला का उदयसिंग म्हणते, "हाव, आता बोला," अन् मंग खरा बाजार सुरू होते. सासू म्हणे, ज्या दिवशी गरिबाची बोहनी झाली त्या दिवशी सगळ्यायचा माल उठते. उठते का नाही हे मी कधी तपासलं नाही. पण ते रीत मोडून पाहाची छाती आमच्या बाजारात कोणाची नाही.

त्या दिवशी मी ढीग ललिताबाईले देल्ला. ती सांबार, म्हणजे शहरातल्यायची कोथिंबीर, गाड्यावर इकते. आदल्या दिवशी मोकाट बैलानं तिचा अर्धा गाडा खाल्ला होता.

ती लाजून म्हणे, "माय, मागच्या हप्त्यातबी मलेच देल्लं होतं तुमी."

"मंग बैलाले सांग ना, पाळीपाळीनं खात जाय म्हणाव."

सारे हासत होते, अन् त्या हासण्यात तनुजाच्या हातातला फोन टिंगकन वाजला. तिनं फोनात पाहिलं. मंग ललिताबाईच्या टोपल्यात पाहिलं. मंग माह्या तोंडाकडे असं पाहू लागली जसं काही मी तिची आजी नाहीच.

"आजी," ती हळूच म्हणाली, "हा तं तुहा भाव आहे."

"माहा नाही तं कोणाचा राहीन?"

"म्हणजे सगळ्या तालुक्याले, मानोऱ्याले, सगळीकडे रोज तुह्या बोहनीच्या ढिगाचा भाव जाऊन राह्यला."

मले समजाले उलीसा वेळ लागला. समजलं तवा पहिले हासू आलं अन् मंग अंगावर काटा आला. मी गरीब बाईले प्रेमानं देल्लेल्या वांग्यानं सगळ्या बाजाराचा भाव पाडला होता, अन् त्या वांग्यानं माह्याच नातीची नोकरी खाल्ली होती.

तनुजा एका रिकाम्या कॅरेटवर बसली अन् तिनं मले सवाल सुरू केले. पहिला ढीग तुहाच काहून? भाव तूच काहून सांगतं? दुसऱ्यानं जास्त देतो म्हटलं तं? मी सांगत गेली, अन् सांगता सांगता मले राग येऊ लागला, कारण ह्या गोष्टी मी आयुष्यात कोणाले सांगितल्या नव्हत्या. सांगायच्या असतात हेच मले माहीत नव्हतं.

ती म्हणे, "मलेबी सारं माहीत होतं, आजी. तुहा पदर धरून मी हेच पाहत उभी राहायची. तरी हापिसात एकदाबी आठवलं नाही."

"मीठ खारट असते हे कोणी सोयऱ्याले चिठ्ठी लिहून कळवते काय?"

ती थांबली नाही. "अन् तू बाजारात नसली तं मंग काय होते?"

मी म्हटलं, मी नसते कधी? हे ॲप आल्यावर मोतीबिंदूच्या ऑपरेशनले अकोल्याले गेली होती, तेवढेच दिवस. माह्या खालोखाल रत्नमाला जुनी, पण ती म्हणे मोठी बाई जित्ती असताना तिच्या जागेवर मी कशी बसू. म्हणून तेवढे दिवस बोहनीचा ढीग निघालाच नाही, उदयसिंगनं सीधी बोली लावली.

तनुजा उठून उभीच राहिली. फोनात तिनं मले एक रेघ दाखवली. रेघ बापडी सपाट चालली होती, मधातच एक टेकडी, मंग पुन्हा सपाट. आमच्या बाजाराच्या भावाची रेघ होती ते. ते टेकडी कायची, हे हापिसात कोणाले समजत नव्हतं. साहेबानं लिहून ठेवलं होतं का दर्ग्याच्या उरुसाची गर्दी असन. उरूस त्या महिन्यात नसतेच. ते टेकडी माह्या मोतीबिंदूची होती.

मी म्हटलं, चाल, आताच फोन लाव त्या साहेबाले. ती नाही म्हणाली. म्हणे, सांगितलं तं त्यायले गोष्ट वाटीन, उद्या ते येऊन राह्यले तं डोयानं पाहू दे. अन् तू काही शिकवल्यासारखं बोलू नको, रोज करतं तसं कर. आता मले कोणी असं सांगितलेलं मी ऐकत नाही, पण त्या दिवशी ऐकलं.

गुरुवारी साहेब उजाडाच्या आत हजर. वयानं चंपतपेक्षा लहान, बूट इतके साफ का कोबीच्या पाल्यात पाय ठेवाले भ्याले. पण माणूस उद्धट नव्हता. मले आजी म्हणाले, ओटा कुठं, काटा कुठं, सारं नीट पाहून घेतलं. तनुजानं त्यायले एवढंच म्हटलं, "सर, पहिल्या ढिगावर तुमी बोली लावून पाहा."

माहा ढीग ओट्यावर आला. काळे टपोरे वांगे, देठं अजून हिरवे. साहेबानं आदल्या दिवशी फोनात पाहिलेल्या भावापेक्षा थोडा जास्त भाव सांगितला. कोणी काही बोललं नाही. उदयसिंगनं कान खाजवला. साहेबाले वाटलं ऐकू नाही गेलं, म्हणून त्यायनं भाव दुप्पट केला, तेबी मोठ्यानं. व्यापारी एकमेकायच्या तोंडाकडे पाहू लागले, जसं पंगतीत कोणी देवाच्या नैवेद्यात हात घातला.

मी म्हटलं, "साहेब, ह्या वांग्याच्या वजनाचं सोनं आणलं तरी हा ढीग तुमाले भेटत नाही."

"पण आजी, मी जास्त देतोय."

"म्हणूनच."

मागं एक गाडेवाली उभी होती, तिची पोरगी दोन दिवसापासून दवाखान्यात. मी तिले पुढं बोलावलं, नारळाचा भाव सांगितला, ढीग तिच्या टोपल्यात. तनुजाचा फोन वाजला, टिंग. उदयसिंग म्हणाला, "हाव, आता बोला," अन् जशी पाखरं उठावी तशा चहूकडून बोल्या उठल्या. दुसरा ढीग चंपतनं ठेवला. त्याच वावरातले, त्याच तासातले वांगे. तो गेला तो साहेबाच्या दुप्पट भावाच्याबी वर गेला.

साहेब फोनाकडे पाहत उभे होते. फोनात अजून माहाच भाव.

माणूस हुशार होता, समजाले येळ लागला नाही. पण हुशार माणूस लवकर हारत नाही, अन् तसंच पाह्यजे. पहिले त्यायनं मले इचारलं का रीताला हे का नाही सांगितलं. मी म्हटलं, तिनं भाव इचारला, मी भाव सांगितला; कायले म्हणून तिनं इचारलंच नाही. मंग ते तनुजाकडे वळले. म्हणे, म्हणजे आपले प्रश्न कमी पडले. धंद्याच्या माहितीचा काय संबंध, चांगला प्रश्न अनोळखी माणूसही विचारू शकला असता.

मी तोंड उघडणार होती, पण तनुजानं माह्या हातावर हात ठेवला.

"सर, पैसे देऊन माल उचलला, काट्यावर वजन झालं, सौदा पुरा झाला. 'हा भाव खरा आहे का' हा प्रश्न तिथं कोणाच्या डोक्यात येणार? ज्याला बोहनी म्हणजे काय ते माहीत आहे, त्याच्याच."

साहेबानं फोन खिशात घातला. मंग म्हणे, एका सकाळवर एवढा निर्णय मी घेऊ शकत नाही. तनुजानं ती टेकडी काढली. साहेब म्हणाले, ही तर उरुसाची. तिकडून उदयसिंग फिसकन हासला अन् त्यानं उरूस कोणत्या महिन्यात भरते ते सांगितलं. मी पदर बाजूले केला अन् डोया दाखवला. म्हटलं, हा पाहा तुमचा उरूस, ह्याच्या ऑपरेशनले गेली तेवढे दिवस बोहनीचा ढीग निघाला नाही.

आता साहेबबी हासले. अन् हासता हासता धंद्यावर आले. म्हणे, ठीक आहे, मग सोपं आहे, सगळ्या बाजारांतला पहिला सौदा आपण काढूनच टाकू.

"नाही सर," तनुजा म्हणाली. तिचा आवाज असा होता का मले माही सासू आठवली. "दुसऱ्या बाजारात पहिलाच भाव खरा असंल. तिथं आणखी काही वेगळं असंल, जे आज मलाही माहीत नाही. तिथं जाऊन बसावं लागंल. आणि इथला ढीगही पुसायचा नाही. तो झालेला सौदा आहे, बोहनी म्हणून वेगळा ठेवायचा. भाव तेव्हा सोडायचा, जेव्हा उदयसिंगकाका म्हणतील, आता बोला."

साहेबानं ओट्यावरची सांबाराची एक काडी उचलली अन् चावत उभे राहिले. मी मनात म्हटलं, हो म्हण बापा, नाही तं तुह्या डोक्यावर हे टोपलं आहे. ते म्हणाले, "बाकीच्या बाजारांना कोण जाईल?"

"मी जाईन. पण तिथं मी रीतासारखीच नवी असेन. म्हणून तिथली एक आवडाबाई आधी शोधून काढीन."

"तुला काय काय लागेल ते लिहून दे," साहेब म्हणाले. "आणि पक्कं झाल्याचं पत्र संध्याकाळपर्यंत येईल."

चंपत कॅरेट रचत होता. त्याच्या हातातलं कॅरेट खाली आलं अन् भेद्रं ओटाभर पळाले. कोणी त्याले रागावलं नाही.

दिवसभर तनुजा आमच्या ओसरीत फोनवर नागपूरच्या कंप्युटरवाल्यायसंग बोलत होती. सांजच्याले तिनं उदयसिंगच्या फोनात एक बटण लावून देल्लं. "आता बोला" म्हटलं का ते दाबायचं, एवढंच. उदयसिंग म्हणे, तोंड अन् बोट संगं चालवाचं म्हणजे मोठं काम आहे. मी म्हटलं, काट्यावर तं दोन्ही बरोबर चालतात तुहे.

साहेब राहिले त्या दिवशी. शुक्रवारी पहाटे पुन्हा ओट्याजवळ उभे, बुटाले चिखल लागलेला, म्हणजे माणूस सुधारून राह्यला होता. माहा ढीग आला. मी नेहमीसारखी बायाईवर नजर फिरवली. दवाखान्यातली पोरगी घरी आली होती. ललिताबाईचा बैल दुसऱ्या आळीत गेला होता. कोणाचंच काही वाईट नव्हतं. मंग माही नजर साहेबावर थांबली.

"उदयसिंग," मी म्हटलं, "काल ह्यायचा गाडा उलटला. आजची बोहनी साहेबाची."

असा हासा उठला का बसस्टँडपर्यंत गेला असन. साहेब लाल झाले, पण पुढं आले अन् दोन्ही हात पसरले. भाव इचारून मंग म्हणे, आजी, थोडं जास्त घ्या. मी म्हटलं, बोहनीले घासाघीस नसते, उचला. एवढ्या वांग्याचं ते नागपूरले काय करणार होते, ते त्यायचं त्यायले माहीत.

फोन वाजला नाही. साऱ्यायचे डोये तनुजाच्या हाताकडे, अन् तिच्या हातात फोन दगडासारखा गप. उदयसिंगनं घसा साफ केला, बोट बटणावर ठेवलं अन् म्हणाला, "हाव, आता बोला."

बोल्या उठल्या, चढल्या, थांबल्या. तनुजाचा फोन वाजला. तिनं तो उलटा करून मले दाखवला. ओट्यावर जो आकडा उदयसिंगनं ओरडला होता, तोच फोनात होता.

पुढचा ढीग उठाच्या आत उदयसिंगचा फोन वाजला. मानोऱ्याकडचा एक कास्तकार होता, गाडी भरून बांधावर उभा. त्यानं इचारलं का आज फोनात हा भाव दिसून राह्यला, तो खरा आहे का पुन्हा मशीन बोलून राह्यलं. ज्यानं चारचौघात मले टोमणा मारला होता, त्यानंच चारचौघात फोन माह्या हाती देल्ला.

मी कानाले लावला.

"माही नात सांगते तोच भाव आहे," मी म्हटलं. "गाडी इकडे घे."